मांडीवरची गोधडी

वाचकहो, बहुतेक जुन्या घरांत एक पेटी अशी असते, की तिच्यातले कपडे कोणी वापरत नाही आणि कोणी टाकूनही देत नाही. गेलेल्या माणसाचे धोतर, आईचे विटलेले लुगडे, मुलांची बारशाची दुपटी, एखादे उपरणे. दसऱ्याच्या आधी ती पेटी उघडावी, कपड्यांना ऊन दाखवावे आणि कडुनिंबाचा पाला घालून ती पुन्हा मिटावी, एवढाच तिचा संसार. त्याच घरात पुष्कळदा दोन हातही असे असतात, की ज्यांनी उभ्या आयुष्यात रिकामा क्षण पाहिला नाही आणि ज्यांना आता दिवसभर ‘तुम्ही बसा, आम्ही करतो’ एवढेच ऐकावे लागते. ही पेटी आणि हे हात एकत्र आणता येतात. त्यासाठी फार खर्च लागत नाही. सुई, दोरा आणि रोजचा अर्धा तास पुरतो. आमच्या घरी हे कसे घडले आणि आपल्या घरी ते कसे करता येईल, हे आज आपल्यापुढे मांडावेसे वाटते.

गोधडी ही वस्तू आपल्याला नवी नाही. कुठे तिला वाकळ म्हणतात. संस्कृतात ठिगळांच्या वस्त्राला कंथा हा शब्द आहे आणि बंगालमध्ये तोच शब्द ‘कांथा’ होऊन घराघरांत नांदतो आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. त्या काठापासून सुरुवात करून फेऱ्याफेऱ्याने मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवतात. फुलांवाचून कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. बिहारमधील ‘सुजनी’ मुळात नवजात बाळासाठी जुन्या मऊ कापडांतून शिवली जाई. आपले गाडगेमहाराज ठिगळांचे वस्त्र अंगावर वागवीत म्हणून लोक त्यांना गोधडे महाराज म्हणत, आणि ते गावोगाव हातात खराटा घेऊन स्वच्छता शिकवीत. देश वेगळे, भाषा वेगळ्या; पण एका गोष्टीवर या सर्वांचे एकमत दिसते. उबेसाठी जुने, पुष्कळ वेळा धुतलेले, अंगाला सरावलेले सुती कापडच उत्तम.

त्यातही हातसुताचे कापड असेल तर दुधात साखर. हाताने कातलेले सूत सर्वत्र सारख्या जाडीचे नसते. कुठे जाड, कुठे बारीक अशा त्या धाग्यांमध्ये हवेला बारीक बारीक जागा मिळते. खरी ऊब असते ती या कोंडलेल्या हवेची; कापड तिला फक्त धरून ठेवते. एका जाड पांघरुणापेक्षा दोन-तीन पातळ पांघरुणे अधिक ऊब देतात, याचेही कारण हेच. शिवाय खादी घाम टिपते आणि धुण्यागणिक मऊ होत जाते. नव्या खादीचा खरखरीतपणा वीस-पंचवीस धुण्यांनंतर उरत नाही आणि म्हाताऱ्या, कोरड्या, पातळ झालेल्या त्वचेला ती टोचत नाही.

आमच्या पेटीत अशी खादी पुष्कळ होती. आम्ही वर्धा जिल्ह्यातले. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले, आणि वर्ध्यातील मगन संग्रहालय 1938 साली उघडले गेले. त्या काळाचे वारे ज्यांच्या बालपणावरून गेले, त्या पिढीतले माझे सासरे. ते शाळामास्तर होते. पहाटे उठून पेटीचरख्यावर अर्धा तास कातायचे, हा त्यांचा नेम अखेरच्या वर्षापर्यंत चुकला नाही. पेळू संपत आला की चातीवरचा धागा अलगद ओढीत ते नवा पेळू जोडीत. तो सांधा शोधूनही सापडत नसे. साचलेल्या गुंड्या खादी भांडारात देऊन त्या बदल्यात कापड घ्यायचे, अशी त्यांची रीत होती. त्यांच्यामागे घरात उरले ते चार धोतरे, सहा सदरे, दोन उपरणी आणि एक खादीची चादर. बारा वर्षे हे सारे पेटीत होते.

माझ्या सासूबाई आता 84 वर्षांच्या आहेत. पाच वर्षांपूर्वी त्यांना विस्मरण होऊ लागले. आधी भाजीत मीठ दोनदा पडू लागले, मग देवाला निघालेल्या त्या रस्ता चुकल्या, मग नातवंडांची नावे एकमेकांत मिसळली. डॉक्टरांनी तपासण्या करून स्मृतिभ्रंशाचे निदान केले. औषधे सुरू झाली. या आजाराची माहिती असणाऱ्या वाचकांना तिन्हीसांजेची वेळ कशी असते, हे निराळे सांगायला नको. दिवस मावळू लागला की त्यांच्या जिवाची उलघाल सुरू होई. ‘मला घरी जायचं आहे,’ असे त्या म्हणत. ‘हेच आपलं घर आहे, आई,’ म्हटले की आणखी अस्वस्थ होत. दाराची कडी काढू पाहत. हात पदराच्या काठाशी सतत चाळा करीत. घडी घालायची, मोडायची, पुन्हा घालायची. त्या हातांकडे पाहताना मला नेहमी वाटे, हे हात काहीतरी शोधत आहेत.

डॉक्टरांनीच सुचवले, की हातांना ओळखीचे काम द्या. आम्ही वाती वळायला दिल्या, मटार सोलायला दिले, शेंगा फोडायला दिल्या. ही कामे चांगली आहेत आणि पुष्कळ घरांत ती उपयोगी पडतात. सासूबाईही ती करीत. पण दहा मिनिटांत उठत. एके दिवशी वातींचे ताट बाजूला सारून त्या म्हणाल्या, ‘एवढ्या वाती कोणत्या देवाला गं? रोज तर एकच लागते.’ विसर पडलेल्या माणसालाही आपले काम खरे की वेळ घालवण्यापुरते, हे कळते. त्या वाक्याने मला विचार करायला लावले. कामाच्या शेवटी काहीतरी तयार व्हावे, ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे, अशी ओढ त्यांच्या मनात शाबूत होती. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्या गोधड्या शिवत आलेल्या. माहेरच्या, सासरच्या, लेकींच्या बाळंतपणाच्या. तेव्हा मी पेटी उघडायचे ठरवले.

ते वाटले तितके सोपे गेले नाही. माझ्या यजमानांना ते मुळीच रुचले नाही. ‘बाबांनी स्वतः कातलेल्या सुताचं कापड आहे हे. त्याला कात्री लावायची?’ असे ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात राग कमी, दुखावलेपण अधिक होते. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रश्न उभा राहील. गेलेल्या माणसाची वस्तू जपायची ती जशीच्या तशी ठेवून, की वापरात आणून? याचे एकच एक उत्तर नाही आणि घरातल्या कोणाच्याही मनाविरुद्ध अशी पेटी रिकामी करू नये. आम्ही दोन दिवस तो विषय तसाच ठेवला. धोतरांची चळत मात्र खाटेवरच होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई तिथे येऊन बसल्या. त्यांनी एक धोतर उलगडले, उजेडाकडे धरले, अंगठ्यांनी ताणून पाहिले. मग काठाला दातांनी चीर पाडून, दोन्ही हातांनी ते चर्रकन सरळ धाग्यावर फाडले. यजमान दारातच उभे होते. त्यांच्याकडे पाहून त्या म्हणाल्या, ‘पेटीत ठेवलं तर कसर खाईल. पांघरलं तर माणसाच्या कामी येईल.’ त्यानंतर कोणी काही बोलले नाही. यजमानांनी एक सदरा आणि एक उपरणे मात्र बाजूला काढून ठेवले, आणि ते योग्यच झाले. सारेच कापलेच पाहिजे, असे थोडेच आहे?

आता गोधडीचे सांगते. खाटेभर मोठी गोधडी घेऊ नका. वृद्ध हातांना तिचे ओझे पेलत नाही आणि ती पुरी होण्याआधीच उत्साह संपतो. आम्ही 4 फूट लांब आणि 3 फूट रुंद अशी मांडीवरची गोधडी शिवली. खुर्चीत बसल्यावर ती कमरेपासून पोटऱ्यांपर्यंत येते आणि जमिनीवर लोळत नाही.

कापड निवडताना एकच नियम पाळा, सारे सुती हवे. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम टिपत नाहीत, शिवताना घसरतात आणि आगीची ठिणगी पडली तर वितळून त्वचेला चिकटतात. प्रत्येक कापड उजेडाकडे धरा. जे जाळीदार झाले असेल ते आतल्या थरात घाला. ज्यात अजून जीव असेल ते वर. बुंदे, हुक, जर आणि जाड शिवणी काढून टाका, कारण तेच पुढे अंगाला रुततात. सर्व कापडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. नवी खादी वापरणार असाल तर ती रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून मगच कापा. पहिल्या धुण्यात ती आटते आणि नंतर गोधडीला सुरकुत्या पडतात.

तळाला जुन्या नऊवारीचा 52 इंच लांब आणि 40 इंच रुंद तुकडा घ्या. त्यावर 48 इंच लांब आणि 36 इंच रुंद असे धोतराचे दोन थर मधोमध ठेवा, म्हणजे तळाचे कापड चारही बाजूंनी 2 इंच बाहेर राहील. हातावरच्या भाकरीसारखे कापड तळव्याने मध्यापासून कडेकडे सारवत न्या. एकही सुरकुती आत राहता कामा नये. वरच्या थरासाठी ठिगळे 7 इंचांची चौकोनी कापा. चारही कडा अर्धा-अर्धा इंच आत दुमडल्या की 6 इंचांचे ठिगळ होते. लांबीत 8 आणि रुंदीत 6, अशी 48 ठिगळे पुरतात. खादीचा पांढरा आणि लुगड्याचा रंगीत असे आलटून पालटून मांडले तर कमी दिसणाऱ्या डोळ्यांनाही प्रत्येक ठिगळाची कड नीट दिसते. सारे थर लांब कच्च्या टाक्यांनी एकमेकांना पकडून घ्या. बाहेर राहिलेले 2 इंच वर दुमडून काठाला गोट करा. मग जाड सुती दोऱ्याने काठापासून आत, फेऱ्याफेऱ्याने धावदोरा घालत चला. दोरा हातभरापेक्षा लांब घेऊ नका, तो गुंततो. टाका गव्हाच्या दाण्याएवढा, दोन ओळींत इंचभर अंतर, आणि गाठ नेहमी थरांच्या आत लपवलेली. सगळे फेरे पुरे झाले की कच्चे टाके उसवून काढा.

या हिशेबाने एवढ्याशा गोधडीत सुमारे 144 फूट धावदोरा पडतो. आकडा मोठा वाटेल. पण रोज 3 फूट शिवले तरी 48 दिवसांत गोधडी पुरी होते. आम्हाला दोन महिने लागले, कारण काही दिवस सुई हातात धरायची इच्छाच सासूबाईंना नसे. असे दिवस तसेच जाऊ द्यावेत.

आमची वेळ ठरलेली होती, संध्याकाळी पाच ते साडेपाच. अंधार पडण्याआधी दिवे लावायचे, चहा घ्यायचा आणि गोधडी पसरायची. पहिल्या दिवशी मी सुई त्यांच्या हातात दिली तेव्हा मला खात्री नव्हती. त्या दिवशी त्यांना माझे नावही आठवत नव्हते; मला त्या आपली मोठी बहीण समजत होत्या. पण सुई बोटांत येताच हात बदलला. डाव्या हाताची बोटे कापडाखाली गेली, उजव्या हाताने चार टाके एका दमात सुईवर घेतले आणि दोरा सरळ ओढला. चारही टाके गव्हाच्या दाण्याएवढे, एका रेषेत.

यामागे शास्त्र आहे. आपली स्मृती एकाच साच्याची नसते. काल काय जेवलो, समोरच्या माणसाचे नाव काय, ही आठवण अल्झायमरसारख्या आजारात आधी ढासळते. सायकल चालवणे, पोळी लाटणे, टाका घालणे अशी वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगवळणी पडलेली कौशल्ये मेंदूच्या वेगळ्या भागांच्या आधारे चालतात आणि ती तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. म्हणून ज्यांना नाव विचारू नये अशा माणसालाही एखादे जुने काम विचारता येते. आपल्या घरातील वृद्धांचे असे काम कोणते, याचा शोध घ्या. सर्वांनाच शिवणकाम येणार नाही. कोणाला फुलांचे हार गुंफता येतील, कोणाला दोरी वळता येईल, कोणाला पत्रावळी लावता येतील.

दुसऱ्या आठवड्यात एक प्रसंग घडला तो सांगण्यासारखा आहे. मीही बाजूने शिवत होते. माझा टाका पाहून सासूबाई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘दोरा असा आवळू नकोस गं. कापड रुसतं.’ त्यांनी माझे तीन टाके उसवले आणि स्वतः घालून दाखवले. गेली पाच वर्षे त्यांना अंघोळ कशी करायची, गोळी कधी घ्यायची, कुठे बसायचे, हे मी सांगत आले आहे. सांगणारी मी आणि ऐकणाऱ्या त्या. त्या संध्याकाळी त्या सांगत होत्या आणि मी ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर जो अधिकार उमटला, तो मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिला होता; नंतर फार दिवसांनी दिसला.

काळजी घेणाऱ्या वाचकांना हेच विशेषेकरून सांगावेसे वाटते. आजारी माणसाची सेवा करताना आपण त्याला नकळत केवळ घेणारा करून टाकतो. अन्न घ्या, औषध घ्या, आधार घ्या. प्रेमापोटीच हे होते. पण माणसाला घेत राहण्याचे ओझे होते. त्यालाही काही द्यायचे असते. आपल्या दिवसात अर्धा तास तरी असा ठेवा, की जेव्हा तो शिकवील आणि आपण शिकू.

आता काही खबरदारीच्या गोष्टी. गुडघे, कंबर दुखत असेल तर खाली बसून शिवण्याचा हट्ट नको. पाठ टेकेल अशी खुर्ची, समोर टेबल आणि पाय जमिनीला टेकलेले असावेत. उजव्या हाताने शिवणाऱ्यांना उजेड डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दर दहा मिनिटांनी सुई टोचून ठेवून बोटे उघडा, मिटा, मान हलवा. अर्ध्या तासात थांबा, गोडी असतानाच. सुईत दोरा ओवण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करावे. आमच्या घरी हे काम यजमानांनी आपणहून पत्करले. कामावरून आले की ते चार सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवीत आणि मग तिथेच बसून राहत. सुया मोजूनच बाहेर काढा आणि मोजूनच आत ठेवा. विसराळू माणसाला सुईसोबत एकटे सोडू नये. वस्तू तोंडात घालण्याची सवय लागली असेल तर सुई देऊच नये. अशांनी ठिगळे निवडावीत, घड्या घालाव्यात, कापड सारवावे. तेही गोधडीचेच काम आहे. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झाली असेल किंवा रक्त पातळ होण्याचे औषध चालू असेल तर अंगुस्तान वापरा आणि शिवून झाल्यावर बोटे नीट पाहा.

गोधडी वापरतानाही थोडे भान हवे. वाढत्या वयात त्वचेखालची चरबी कमी होते, शरीर उष्णता कमी निर्माण करते आणि थंडीची जाणीवही मंदावते. म्हणून म्हातारे माणूस ‘मला थंडी नाही वाजत’ म्हणाले तरी त्याचे हातपाय आणि पोट हात लावून पाहावे. पोट गार लागत असेल, सुस्ती असेल, बोलणे जड झाले असेल तर केवळ पांघरूण वाढवून न थांबता डॉक्टरांना बोलवावे. पांघरूण इतके हलके असावे, की त्या माणसाला ते स्वतःच्या हाताने दूर करता यावे. आमची गोधडी 620 ग्रॅम भरली. खुर्चीतून उठण्याआधी ती मांडीवरून काढायची, हा नेम पाळा. पायांत अडकलेले पांघरूण हे घरात पडण्याचे एक कारण असते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या अंगाखाली शिवणींची गोधडी घालू नये. ठिगळांच्या कडा माकडहाडाला आणि टाचांना रुततात व त्वचा फुटू शकते. तिथे सपाट चादर आणि वेळोवेळी कूस पालटणे हेच खरे. शेगडी पेटवून बंद खोलीत झोपू नये आणि पायांची संवेदना कमी असलेल्यांनी गोधडीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. नातवंडांसाठी शिवणार असाल तर बाळ वर्षाचे होईपर्यंत झोपताना त्याच्या अंगावर सैल गोधडी नको; जागेपणी, आपल्या देखत, मांडीवर खुशाल वापरावी.

धुण्याचे म्हणाल तर महिन्यातून एकदा कोमट पाण्यात, सौम्य साबणाने. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि दोन दोऱ्यांवर आडवी पसरून कडक उन्हात पूर्ण वाळवा. आतला थर ओलसर राहिला तर बुरशी धरते. ओली गोधडी ऊब देत नाही. तिच्यातल्या हवेची जागा पाण्याने घेतलेली असते.

गोधडीने आजार बरा झाला का, असे आपण विचाराल. नाही झाला. तो बरा होणारा नाही आणि कोणतेही हातकाम तो बरा करील, असे मी म्हणणार नाही. औषधे चालू आहेत, तपासण्या चालू आहेत. पण त्या दोन महिन्यांत संध्याकाळची कडी वाजणे कमी झाले. ‘घरी जायचं आहे’ हे वाक्य पूर्वी रोज यायचे, ते आठवड्यातून दोन-तीनदा येऊ लागले. आणि मलाही दिवसातला तो अर्धा तास मिळाला, ज्यात कोणाच्या मागे धावायचे नव्हते. काळजी घेणाऱ्याच्या प्रकृतीचाही या पाक्षिकात विचार होतो, म्हणून हेही नोंदवते.

गोधडी कोणासाठी, हा प्रश्न मी त्यांना शिवताना विचारी. उत्तर रोज वेगळे येई. कधी आईसाठी, कधी धाकट्या लेकीच्या बाळंतपणासाठी, तर एकदा ‘मास्तरांना पहाटे कातताना गार वाजतं’ म्हणून. मी एकाही उत्तराला चूक म्हटले नाही. प्रत्येक उत्तरात कोणालातरी ऊब द्यायचीच होती.

आता ती गोधडी त्यांच्याच मांडीवर असते. आपण ती शिवली, हे त्यांना आठवत नाही. पांढऱ्या ठिगळांवरून त्या बोट फिरवतात, काठापासून मध्यापर्यंत फेरे मोजतात आणि मधेच हरवतात. परवा त्यांनी मला विचारले, ‘कोणी शिवली गं ही?’ मी म्हटले, ‘तुम्हीच, आई.’ त्यांना ते पटले नाही. त्यांनी गोधडी डोळ्यांजवळ नेली, उलटी करून तळाचे टाके पाहिले आणि म्हणाल्या, ‘जिनं शिवली तिचा हात चांगला आहे.’

वाचकहो, थंडीला अजून अवकाश असेल किंवा ती दारात येऊन ठेपली असेल. गोधडीला दोन्ही वेळा चालतात. या पंधरवड्यात फक्त एवढे करा. आपल्या घरातली ती पेटी उघडा, एक जुने सुती वस्त्र बाहेर काढा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातात द्या. हे कोणाचे, कधी घेतले, कोणत्या प्रसंगी नेसले, ते विचारा. उत्तर येईल किंवा येणार नाही. हात मात्र कापड चाचपून पाहतील, आणि पुढचे काय करायचे ते बहुधा तेच आपल्याला सांगतील.